भरतीचा हिशेब आणि बदलता किनारा

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईच्या आसपास हा हिशेब बऱ्यापैकी जमतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि ठोकताळा ४५ मिनिटे धरतो, ही झाली आकाशाची बाजू. दुसरी बाजू किनाऱ्याची आहे. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या परिसरात पूर्ण भरती बाराच्या आसपास येते, म्हणूनच मोजणी शून्यापासून सुरू करता येते. हे बारा वाजणे चंद्राच्या हातात नाही. अरबी समुद्राची खोली, किनाऱ्यालगतच्या उथळ मंचाची रुंदी आणि किनाऱ्याची ठेवण यांनी ते ठरवलेले आहे. भरतीचे भाकीत करणारे आजचे प्रत्येक सॉफ्टवेअर, त्यात कितीही घटक असोत, याच दोन बाजूंवर उभे आहे. आकाशाची बाजू आता शतकभराहून अधिक काळ पक्की आहे. किनाऱ्याची बाजू मात्र प्रत्येक ठिकाणी मोजूनच कळते, आणि किनारा बदलला की पुन्हा मोजावी लागते. संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्याइतके हे स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते. या पुस्तकात सॉफ्टवेअरची ओळख करून देताना तोच किनारा सतत डोळ्यांसमोर ठेवला आहे, तो यासाठी.

पाऊणपटीचा ठोकताळा अबू धाबीला नेला तर तो तिथे कोलमडतो. नुसता तास-दोन तास पुढेमागे सरकवून तो दुरुस्त होत नाही, कारण तिथल्या भरतीचा पिंडच वेगळा आहे. अरबी आखात सुमारे १,००० किलोमीटर लांब आणि सरासरी जेमतेम ३५ मीटर खोल आहे. एवढ्या उथळ पाण्यात भरतीची लाट ताशी ६७ किलोमीटरच्या आसपास धावते. चंद्राच्या मुख्य घटकाचा, म्हणजे एम-टूचा, आवर्तनकाळ १२.४२ तासांचा आहे. तेव्हा त्याच्या एका लाटेची लांबी सव्वाआठशे किलोमीटर भरते. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत शिरलेली ही लाट कुवेतकडच्या बंद टोकावर आदळून परत फिरते. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळल्या की बंद टोकापासून पाव लांबीवर आणि पाऊण लांबीवर अशा दोन जागा तयार होतात, जिथे या घटकाची भरती जवळजवळ नाहीशी होते आणि तिच्याभोवती लाट घड्याळाच्या उलट दिशेने फिरत राहते. पाव लांबी म्हणजे कुवेतपासून सुमारे २०० किलोमीटर. पाऊण लांबी म्हणजे सुमारे ६२० किलोमीटर. ही जागा कतारच्या पूर्वेला, अबू धाबीसमोरच्या पाण्यात पडते. दिवसातून एकदाच येणाऱ्या के-वन या घटकाची लाट याच्या जवळजवळ दुप्पट लांब, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरची. तिची अशी जागा एकच, बंद टोकापासून सुमारे ४०० किलोमीटरवर, बहारीनच्या आसपास. प्रत्यक्ष मोजणीवरून काढलेले नकाशेही हेच सांगतात: दिवसातून दोनदा येणाऱ्या घटकांचे दोन बिंदू आणि एकदा येणाऱ्यांचा एक. कागदावर चार ओळींत होणारे गणित एवढे खरे ठरावे, हे या विषयाचे मोठे सौंदर्य आहे.

याचा परिणाम असा की अबू धाबीच्या समोर चंद्राचा नेहमीचा दोनदा येणारा घटक क्षीण पडतो आणि दिवसातून एकदा येणारे घटक डोके वर काढतात. हे दुसरे घटक तिथीवर चालत नाहीत. चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर ते चालतात, आणि ते चक्र २७.३२ दिवसांचे आहे. तिथीचे चक्र २९.५३ दिवसांचे. दोन चक्रे एकमेकांवरून सरकत राहतात. त्यामुळे एखाद्या पौर्णिमेला उधाण जोरदार असते, तर दुसऱ्या पौर्णिमेला दिवसाच्या दोन भरत्यांपैकी एक जेमतेम जाणवते. डोंगर ओलांडून फुजैरा किंवा कल्बाला गेले की सगळेच बदलते. तिथे ओमानच्या आखाताचे खोल पाणी आहे आणि भरती थेट अरबी समुद्रातून येते. दुबईहून दीड-दोन तासांच्या रस्त्यावर दोन वेगळे समुद्र आहेत, म्हणून ‘अमिरातीची भरतीची वेळ’ असे एकच कोष्टक छापण्याला काही अर्थ उरत नाही.

या हिशेबाचा इतिहास आपल्याला परका नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस भरतीची नोंद वेगवेगळ्या आवर्तनांच्या बेरजेत सोडवण्याची पद्धत मांडली. १८७० च्या दशकात कप्तान बेअर्ड यांनी भारतीय सर्वेक्षण खात्यातर्फे कच्छच्या आखातात मोजणी सुरू केली. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून नोंद आहे, अदनला १८७९ पासून, आणि शतक संपता संपता मस्कत आणि बुशहरलाही याच खात्याचे मापक बसले होते. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांनी खास हिंदुस्थानी बंदरांसाठी भाकिताचे यंत्र तयार करवून घेतले. कप्प्या, चाके आणि एक लांब तार यांच्या साह्याने ते एकेका घटकाची बेरीज करून वर्षभराचा आलेख काढी. मोजणी बंदरात होई आणि यंत्र लंडनला फिरे. आर्थर डूडसन यांनी १९२१ मध्ये चंद्र-सूर्याच्या गतीतून शेकडो घटकांची यादी काढली, आणि आकाशाची बाजू तिथे बहुतांशी संपली. कॅनडातील माइक फोरमन यांनी १९७७ मध्ये फोरट्रानमध्ये लिहिलेले प्रोग्राम, त्यांच्यावरून २००२ मध्ये पावलोविच, बर्ड्सली आणि लेंट्झ यांनी केलेले टी-टाइड, २०११ मधले कोडिगा यांचे यू-टाइड आणि त्याचा पायथनमधला अवतार, डेव्हिड फ्लेटर यांचे एक्स-टाइड, उपग्रहांच्या नोंदीवर उभी टीपीएक्सओ आणि एफईएस ही जागतिक प्रारूपे: ही सारी परंपरा एकाच पद्धतीची आहे. यातली बहुतेक साधने आज कोणीही घरच्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो. कधीकाळी एका साम्राज्याला एक यंत्र बांधावे लागले होते, ही गोष्ट लक्षात घेतली तर या बदलाचे मोल कळते.

पण साधन हाताशी आले म्हणजे उत्तर आले असे होत नाही. टी-टाइडला ठिकाणाचा अक्षांश दिला नाही तर ते चंद्रकक्षेच्या १८.६ वर्षांच्या डोलण्याची दुरुस्ती करीत नाही, आणि तरीही उत्तर तितक्याच नीटनेटक्या रूपात छापते. एम-टूवर या डोलण्याचा परिणाम ३.७ टक्क्यांचा, के-वनवर साडेअकरा टक्क्यांचा, ओ-वन या दिवसातून एकदाच येणाऱ्या दुसऱ्या घटकावर जवळजवळ १९ टक्क्यांचा. मुंबईत एम-टूच सर्वांत मोठा असल्याने ही चूक खपून जाते. अबू धाबीसारख्या ठिकाणी, जिथे के-वन आणि ओ-वन यांच्यावरच भार आहे, तिथे ती खपत नाही. २०२४-२५ हा काळ ओ-वनच्या उच्चांकाचा होता. त्या वर्षीच्या नोंदीतून दुरुस्तीविना काढलेला ओ-वन २०३४ च्या सुमारास खऱ्याच्या जवळजवळ दीडपट निघेल. दुसरा खड्डा खास अमिरातीचा आहे. दुपारी तापलेल्या वाळवंटाकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि रात्री उलटतो. हा रोजचा वारा उथळ पाण्याला नेमक्या २४ तासांच्या तालावर हलवतो. के-वनचा ताल २३.९३ तासांचा. वर्षभराची नोंद असल्याशिवाय हे दोन ताल वेगळे करता येत नाहीत. महिन्याभराच्या नोंदीवर काम उरकले तर वाऱ्याचा वाटा चंद्र-सूर्याच्या खात्यात जमा होतो, आणि वारा ऋतूप्रमाणे बदलला की भाकीत घसरते. घड्याळाचा मुद्दा थोडक्यात सांगतो: नोंद अमिरातीच्या स्थानिक वेळेत आणि सॉफ्टवेअर ग्रीनिच वेळ गृहीत धरणारे असेल, तर चार तासांच्या फरकाने एम-टूची कला ११६ अंशांनी सरकते, आणि दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी केलेली तुलना निरर्थक होते.

हे सारे दोष काळजीने टाळता येतात. काळजीनेही न टळणारा प्रश्न किनाऱ्याचाच आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक घटकासाठी जे दोन आकडे देते, त्याची उंची आणि त्याचा उशीर, ते त्या ठिकाणच्या पाण्याच्या आकाराचे वर्णन असते. दुबईच्या खाडीचेच घ्या. शतकानुशतके तिला समुद्राकडे एकच तोंड होते. पाणी त्याच वाटेने आत येई आणि रास अल खोरच्या पाणथळीपर्यंत पोचे. १९६० नंतर खाडी गाळ काढून खोल केली गेली. पुढे ती बिझनेस बेपर्यंत वाढवली गेली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये दुबई वॉटर कॅनाल सुरू होऊन ती जुमैराच्या बाजूने पुन्हा समुद्राला मिळाली. एका तोंडाची खाडी दोन तोंडांची झाली. अशा जलमार्गात भरती दोन्हीकडून शिरते. कुठे दोन लाटा भेटतात, कुठे प्रवाह मंदावतो, ओहोटीला जास्त वेळ लागतो की भरतीला, हे सगळे नव्याने ठरते. कालव्याआधीच्या नोंदीतून काढलेले आकडे आतल्या भागासाठी वापरणे म्हणजे अस्तित्वात नसलेल्या खाडीचे भाकीत करणे. पाम जुमैराची कथा याच जातीची आहे. २००१ पासून सुमारे ९.४ कोटी घनमीटर वाळू टाकून हे बेट उभे राहिले, आणि त्याच्या ११ किलोमीटर लांब अर्धगोल बांधामागे पाणी खेळते राहावे म्हणून बांधात खिंडी ठेवाव्या लागल्या. जेबेल अली, खलिफा बंदर, तेलक्षेत्रांतली कृत्रिम बेटे, मरीना आणि सरोवरे धरली तर दोन पिढ्यांत या किनाऱ्याची रेषा इतक्या वेळा बदलली आहे की जुन्या कोष्टकांवर विसंबणे धोक्याचे आहे. खुल्या समुद्रावर फरक थोडा असेल. खाडीत, मरीनात, बांधामागे तो गृहीत धरलाच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप उपग्रहांचा. १९९२ च्या टोपेक्स-पोसायडनपासून आकाशातून समुद्राची उंची मोजली जाते आणि त्यातून घडलेली जागतिक प्रारूपे कोणत्याही बिंदूची भरती सांगतात. मग खांबाला मापक लावून वर्षानुवर्षे बसायचे कशाला? खोल महासागरासाठी हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे, आणि या प्रारूपांनी केलेले काम थक्क करणारे आहे. पण एफईएस २०१४ ची जाळी एक-षोडशांश अंशाची आहे, म्हणजे दुबईच्या अक्षांशावर एक घर साडेसहा-सात किलोमीटरचे. अख्खे पाम जुमैरा त्यातल्या एका घरात मावते. शिवाय किनाऱ्याजवळ उपग्रहाच्या लहरीत जमिनीचा प्रतिध्वनी मिसळतो, उपग्रह दहा दिवसांनी एकदा त्याच जागेवरून जातो, आणि उथळ समुद्रात प्रारूपाची अचूकता तळाच्या खोलीच्या नकाशावर अवलंबून असते. तो नकाशा वर्षागणिक उपसला जात असेल तर प्रारूप कालच्या तळावर चालते. जागतिक प्रारूप आखाताच्या मध्यासाठी आणि स्थानिक प्रारूपाच्या सीमेवर देण्यासाठी वापरावे. धक्क्यावरच्या जहाजासाठी ते पुरेसे नाही.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे. यंत्रशिक्षणाला भरपूर नोंदी दिल्या की ते चंद्र, सूर्य, वारा, खाडी असा भेद न करता पुढचे पाणी सांगते. मग घटकांची ही सगळी शिस्त कशाला? वाऱ्याने येणाऱ्या फुगवट्यासाठी हे तंत्र खरोखर उपयोगी आहे. हिवाळ्यात वायव्येकडून येणारा शमाल पाणी दक्षिण किनाऱ्याकडे लोटतो, आणि पाणी जितके उथळ तितका फुगवटा मोठा. आखातात तो कधी कधी भरतीच्याच तोडीचा होतो. त्याचा संबंध वाऱ्याच्या आणि हवेच्या दाबाच्या नोंदीशी जोडण्यात यंत्रशिक्षण तरबेज आहे. पण दोन-तीन वर्षांच्या नोंदीतून १८.६ वर्षांचे चक्र कोणतेही यंत्र शिकू शकत नाही, कारण ते त्या नोंदीत नसतेच. खगोलशास्त्राने ते आपल्या हातात आयते ठेवले आहे. ते टाकून देऊन पुन्हा अंदाजाने शोधण्यात शहाणपण नाही. आधी घटकांचे विश्लेषण करून भाकीत वजा करावे आणि जे उरते ते यंत्राला शिकवावे, हा क्रम मला योग्य वाटतो. आणि त्यासाठीही पुन्हा दीर्घ, तुटक नसलेली नोंदच लागते.

तिसरा आक्षेप असा की मुंबईत उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढते, अमिरातीत ते जेमतेम एक-दोन मीटर; एवढ्यासाठी इतका खटाटोप कोण करणार? उंची थोडी असली तरी किनारा सपाट आहे, हे त्याचे उत्तर. अबू धाबीच्या पश्चिमेची सबखा, म्हणजे मिठाने माखलेली सपाट जमीन, समुद्राकडे किलोमीटरमागे अर्ध्या मीटरपेक्षाही कमी उतरते. तिथे ३० सेंटिमीटर जास्तीचे पाणी अर्ध्या किलोमीटरहून आत जाते. कांदळवनाचे रोप कोणत्या पातळीवर तगेल हेही काही सेंटिमीटरवर ठरते, आणि अबू धाबीत कांदळवन लावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. या देशाचे बरेचसे पिण्याचे पाणी समुद्रातून येते. निःक्षारीकरण केंद्राने सोडलेले खारट पाणी भरतीचा प्रवाह वाहून नेतो. प्रवाह कुठे आणि किती वेळ मंदावतो हे कळले नाही तर तेच पाणी पुन्हा आत ओढले जाते. पूर्व किनाऱ्यावर जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ आले, ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार दूर समुद्रात असतानाही त्याच्या लाटा कल्बाच्या रस्त्यांवर आल्या. अशा दिवशी वादळाचे पाणी भरतीच्या माथ्यावर येते की ओहोटीच्या तळाला, यावर घरे भिजणार की नाही हे ठरते.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी घेतो. पाण्याच्या पातळीच्या नोंदी बंदरे, तेल कंपन्या, नगरपालिका आणि सल्लागार आपापल्या कामासाठी घेतात. त्या त्यांच्या मालकीच्या आहेत, काही ठिकाणी सुरक्षेशी जोडलेल्या आहेत, मग त्या खुल्या कशाला कराव्यात? मालकीचा मुद्दा खरा आहे. एक्स-टाइडचा प्रोग्राम मुक्त असूनही अमेरिकेबाहेरच्या कित्येक बंदरांचे आकडे हक्कांच्या अडचणीमुळे वेगळे ठेवावे लागले, हे त्याचे ठळक उदाहरण. म्हणजे प्रोग्राम फुकट आणि ज्याच्यावर तो चालवायचा तो ऐवज कुलपात. सुरक्षेचा मुद्दा मला पटत नाही. अमेरिकेची नोआ ही संस्था दर सहा मिनिटांची पाणीपातळी जगाला उघड दाखवते, आणि त्यात नॉरफोकच्या नौदल तळावरचे सेवेल्स पॉइंट स्थानकही आहे. पातळी लपवून तळ सुरक्षित होत नाही. उलट नोंद खुली असली की तिच्यातली चूक दहा जणांच्या नजरेला येते: मापक खचला, घड्याळ चुकले, नळीत शिंपले वाढले. मुंबईच्या अपोलो बंदराची नोंद जगाला उपलब्ध झाली, म्हणूनच गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उन्नीकृष्णन आणि शंकर यांना २००७ मध्ये भारतीय किनाऱ्यावर समुद्राची पातळी वर्षाला एक मिलीमीटरहून थोडी अधिक वेगाने वाढत आल्याचे दाखवता आले. १८७८ मध्ये मापक बसवणाऱ्यांच्या मनात जहाजे होती, हवामानबदल नव्हता. अमिरातीच्या किनाऱ्यावरची इतकी दीर्घ आणि मुक्तपणे मिळणारी नोंद फारच विरळ आहे, आणि या विषयात कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढू शकणार नाही अशी उणीव हीच आहे.

म्हणून हे पुस्तक सॉफ्टवेअरच्या पडद्यापासून सुरू होत नाही. पहिले प्रकरण मापकाच्या शून्याचे आहे. दुबई म्युनिसिपालिटी डेटम, न्यू अबू धाबी डेटम आणि नौकानयनाच्या नकाशांवरची सर्वांत नीच खगोलीय ओहोटी ही तीन वेगवेगळी शून्ये आहेत, आणि एकातला आकडा दुसऱ्यात तसाच टाकला तर जहाजाच्या तळाखालचे पाणी कागदावर वाढते, समुद्रात वाढत नाही. त्यातले तिसरे शून्य तर १८.६ वर्षांच्या भाकितातूनच निघते; म्हणजे विश्लेषण चुकले तर नकाशाचा पायाच हलतो. दुसऱ्या प्रकरणात एका वर्षाची नोंद घेऊन तुटलेले भाग, वेळेची सरक आणि मापकाचे खचणे शोधले आहे. घटक काढण्याचे काम तिसऱ्या प्रकरणात येते, आणि तिथे यू-टाइडला पहिली आज्ञा देण्याआधी वाचकाने आपल्या ठिकाणचा किनारा गेल्या दहा वर्षांत कुठे उपसला आणि कुठे भरला गेला याची यादी करून जवळ ठेवावी.